लोखंडी झाडांची निगा

सिंगापूरच्या सहलीत ‘गार्डन्स बाय द बे’च्या वाट्याला बहुधा एक संध्याकाळ येते. आधी काचघरे, मग पावणेआठचा रोषणाईचा खेळ, माना वर करून काढलेले फोटो, की बस सुटायची वेळ झालीच. त्या संध्याकाळी दिसते ते बघण्यासारखे असते यात वाद नाही. काँक्रीट-पोलादाची पन्नास मीटरपर्यंत उंच झाडे, त्यांच्या बुंध्यांवर चढलेली हिरवळ, मागे मरीना बे सँड्स हॉटेलचे तीन मनोरे. घरी परतलेला माणूस मग दोनपैकी एक मत ऐकवतो. एक म्हणजे ‘काय केलंय हो त्यांनी! आपल्याकडे हे होणे नाही.’ दुसरे म्हणजे ‘सगळं कृत्रिम, यात निसर्ग कुठला आलाय?’ ही मते एकमेकांविरुद्ध वाटतात, पण दोन्ही झाडाच्या शेंड्याकडे बघूनच बनलेली असतात. माझे म्हणणे असे की ही बाग शेंड्यापेक्षा बुंध्याशी जास्त कळते. उष्ण कटिबंधातल्या, पाण्याने वेढलेल्या, दाट वस्तीच्या शहरात बाग उभारणे हे काही फार मोठे कोडे नाही. पैसा आणि चांगला वास्तुविशारद असला की उद्घाटनापर्यंत सगळे नीट जाते. कोडे पडते ते नंतरची पंधरा-वीस वर्षे ती राखण्याचे. राखणीचे उदाहरण म्हणून या बागेकडे पाहिले तर तिच्यातले घेण्याजोगे काय आणि निव्वळ श्रीमंतीचा दिमाख कोणता, हे बऱ्यापैकी वेगळे करता येते.

आधी जागेविषयी. बाग आहे तिथे काही दशकांपूर्वी समुद्र होता. १९७०च्या दशकापासून भराव टाकून तिथे ‘मरीना साउथ’ नावाची नवी जमीन तयार करण्यात आली. खाली मऊ सागरी चिखल, वर आणून टाकलेली माती आणि वाळू, अशा जमिनीवर लगेच काही भारी बांधता येत नाही. ती बसू द्यावी लागते. १९९०च्या दशकात या मोकळ्या जमिनीवर टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात मासे-भाज्या शिजवून खाण्याच्या ‘स्टीमबोट’ खानावळी होत्या, बोलिंगचे अड्डे होते. पुढे मागे व्यापारी मनोरे येणार अशाच हिशेबाने ही जागा राखून ठेवली होती. २००५ साली पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी तिथे बाग करण्याची घोषणा केली. २००६ साली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि मुख्य भागाचे काम ब्रिटनच्या ग्रँट असोसिएट्सकडे गेले. काचघरे विल्किन्सन आयर यांची. प्रकल्पाचे नेतृत्व डॉ. किआट टान या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे होते. हे शेवटचे नाव पर्यटनाच्या माहितीपत्रकांत सहसा नसते, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे तेच आहे. २९ जून २०१२ रोजी ५४ हेक्टरचा ‘बे साउथ’ हा भाग लोकांसाठी खुला झाला. ‘बे ईस्ट’ आणि ‘बे सेंट्रल’ धरून एकूण जागा १०१ हेक्टर, म्हणजे अडीचशे एकर. बे साउथवर खर्च झाला तो शंभर कोटी सिंगापूर डॉलरच्या घरात.

आता उष्ण कटिबंधाची गोष्ट. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बारा महिने विभागून पडतो. अशा हवेत काठी रोवली तरी पालवी फुटते, आणि हे शब्दशः खरे आहे. सिंगापूरच्या रस्त्यांवर सुरुवातीला लावलेल्या अंगसाना या झाडाच्या जाड फांद्या सरळ खड्ड्यात उभ्या केल्या तरी मूळ धरतात. ली क्वान यू यांनी १९६३ साली वृक्षारोपणाची मोहीम काढली आणि १९६७ साली ‘गार्डन सिटी’ची कल्पना मांडली. तेव्हा लवकर सावली देणारी झाडे हवी होती, म्हणून अंगसाना आणि पर्जन्यवृक्ष यांचीच रांग लागली. पण ज्या हवेत झाड भराभर वाढते त्याच हवेत बुरशी, वाळवी, वेली आणि तणही भराभर वाढतात. फांदी लवकर जड होते, खोड आतून पोखरले जाते, पदपथाच्या फरश्या मुळे उचलून टाकतात. थंड देशातल्या माळ्याला झाड जगवण्याची चिंता असते, विषुववृत्तावरच्या माळ्याला ते आवरण्याची. लावलेल्या झाडांचा आकडा म्हणून तिथे फारसा बोलका नाही. कितीची छाटणी वेळेवर झाली, मुळांना जागा किती सोडली, कुठले झाड पडण्याआधी उतरवले, हे विचारावे लागते. सिंगापूरने १९७५ साली त्यासाठी उद्याने आणि वृक्ष यांचा कायदा केला. नवा रस्ता किंवा वाहनतळ करताना झाडांसाठी जागा आखणे बांधकाम करणाऱ्यावर बंधनकारक झाले.

गंमत म्हणजे महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदाही १९७५चाच आहे. दोन्हीकडे झाड तोडायला परवानगी लागते, दोन्हीकडे दंड आहे. पर्जन्यवृक्षही दोन्हीकडे तोच, मूळचा अमेरिका खंडातला, छत्रीसारखा पसरणारा. सिंगापूरला विमानतळावरून शहरात येताना त्याची जी कमान लागते तिचे मराठी प्रवासी भरभरून वर्णन करतात. मुंबईतही असे रस्ते होते आणि काही अजून आहेत, पण गेल्या दशकभरात इथले अनेक पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाने ग्रासले आणि उभ्या उभ्या वाळले. बुंध्याभोवती थेट सालीपर्यंत काँक्रीट ओतलेले असेल तर झाडाला पाणी आणि हवा मिळत नाही, आणि अशक्त झाडावर कीड लवकर बसते. कायदा एकाच वर्षाचा आणि झाड एकाच जातीचे असूनही फळ वेगळे मिळाले. त्याचे कारण कलमांत सापडणार नाही; तोडण्यावर बंदी घालणारा कायदा आपल्याकडेही आहे, पण झाडाची रोजची निगा प्रत्यक्षात कोणीच अंगावर घेतली नाही.

हे मनात ठेवून त्या प्रसिद्ध लोखंडी झाडांच्या बुंध्याशी जावे. त्यांना ‘सुपरट्री’ म्हणतात. ती एकंदर १८ आहेत, उंची २५ ते ५० मीटर, त्यांतली १२ एका ठिकाणी राईसारखी उभी. आत काँक्रीटचा गाभा, त्याभोवती पोलादी सांगाडा, सांगाड्यावर झाडे लावलेले पट्टे आणि वर उलट्या छत्रीसारख्या पसरलेल्या लोखंडी काड्या. काहींच्या माथ्यावर सौरपट्ट्या आहेत, काहींच्या पोटातून काचघरांच्या यंत्रणेची गरम हवा बाहेर सोडली जाते. दोनशेहून अधिक जातींची दीड लाखाच्या वर रोपे या बुंध्यांवर आहेत. जवळून पाहिले तर ती कुठली हे ओळखू येते. नेचे, ऑर्किड, फुलणारे वेल आणि मोठ्या संख्येने ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातली रोपे. जंगलातही ही मंडळी दुसऱ्या झाडाच्या अंगाखांद्यावरच राहतात, त्यामुळे त्यांना मातीची फारशी गरज नसते. निवड अचूक आहे. पण ब्रोमेलियाडच्या पानांची रचना पेल्यासारखी असते आणि त्या पेल्यात पावसाचे पाणी साठते. ते पाणी त्या रोपाचे जगण्याचे साधन आहे आणि डासांच्या अळ्यांना ते आयते तळे आहे. सिंगापूरला डेंग्यूचा त्रास जुना आहे. घरातल्या कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेले सापडले तरी तिथे दंड होतो. अशा शहरात हजारो जिवंत पेले चाळीस-पन्नास मीटर उंचीवर टांगायचे, तर ते कोणीतरी सतत पाहणे, धुणे, अळीनाशक टाकणे, वाळलेले रोप काढून दुसरे बसवणे ओघानेच आले. चित्रात सुपरट्रीची नक्कल सोपी आहे. आपल्याकडच्या काही उद्यानांत लोखंडी झाडे उभी राहिलीही आहेत. दोन पावसाळ्यांनंतर त्यांच्यावर गंज आणि विजेच्या तारा तेवढ्या उरतात, कारण नक्कल सांगाड्याची झालेली असते.

काचघरांपाशी मात्र कौतुकाचा सूर थोडा खाली आणावा लागतो. लंडनजवळच्या क्यू उद्यानातले १८४८ साली पुरे झालेले पाम हाऊस गरम देशांतली झाडे थंडीत जगवण्यासाठी उभारले होते. सिंगापूरने हा प्रकार उलटा केला. बाहेर तीसच्या वर तापमान आणि अंगाला चिकटणारी दमट हवा, तर ‘फ्लॉवर डोम’ या १.२ हेक्टरच्या, आत एकही खांब नसलेल्या काचघरात २३ ते २५ अंशांचा भूमध्य समुद्राकाठचा सुखद वसंत. शेजारच्या ०.८ हेक्टरच्या ‘क्लाउड फॉरेस्ट’मध्ये ३५ मीटरचा हिरवा डोंगर, धुके आणि धबधबा, म्हणजे दोन हजार मीटर उंचीवरच्या उष्णकटिबंधीय जंगलाची हवा. विषुववृत्तावर काचेचे घर बांधायचे आणि मग ते थंड करत बसायचे, हा उधळेपणा नाही तर काय, असा आक्षेप कोणीही घेईल. उत्तर म्हणून बागेकडून यंत्रणा दाखवली जाते, आणि ती आहेही हुशारीची. काच अशी निवडली आहे की प्रकाश आत येतो पण उष्णता बरीचशी बाहेर राहते. ऊन चढले की छताबाहेर पडदे आपोआप पसरतात. संपूर्ण घुमट थंड करत नाहीत. फरशीखालून गार पाण्याचे नळ नेऊन माणसे आणि झाडे असतात तेवढा खालचा थर गार ठेवतात, गरम हवा वर चढून निघून जाते. शिवाय अशा हवेत खरा खर्च दमटपणा काढण्याचा असतो. म्हणून हवा आधी ओलावा शोषणाऱ्या द्रावणातून नेऊन कोरडी करतात आणि मगच थंड करतात. ते द्रावण पुन्हा कोरडे करायला लागणारी उष्णता येते शहरातल्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या जाळून. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांच्या, बागांमधल्या झाडांच्या फांद्यांचा चुरा इथल्या बॉयलरमध्ये येतो, त्यातून वाफ, वाफेतून वीज, आणि उरलेल्या उष्णतेवर हे काम.

ही व्यवस्था मला संपूर्ण बागेतली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते, पण आक्षेपाचे पुरते उत्तर ती देत नाही. अनावश्यक काम काटकसरीने केले म्हणून आवश्यक ठरत नाही. फांद्यांचे खतही करता आले असते. आणि फ्लॉवर डोममधला संग्रह पाहताना मराठी माणसाला तर थोडे हसूच येईल, कारण तिथे मोठ्या कौतुकाने दाखवलेली बाओबाबची झाडे म्हणजे आपली गोरखचिंच. ती मुंबई-वसईकडे कोणत्याही वातानुकूलनाशिवाय शेकडो वर्षे उभी आहे. आपल्याकडे तिला हवा असलेला लांब कोरडा काळ मिळतो; बारमाही ओलीत फुगीर बुंध्याच्या या झाडाचे जमत नाही, म्हणून तिथे तिला कोरडी हवा विकत घेऊन द्यावी लागते. तरीही काचघरांच्या बाजूने एक सबळ मुद्दा आहे, आणि तो हिशेबाच्या वहीतला आहे. तिकीट लागते ते मुख्यतः काचघरांना आणि सुपरट्रींना जोडणाऱ्या, २२ मीटर उंचीवरच्या १२८ मीटर लांब पुलाला. बाकीची बाहेरची बाग, तळी, राई, रोषणाईचा खेळ, हे सगळे पहाटे ५ पासून रात्री २ पर्यंत फुकट. बाग चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही. तिकिटे, खाण्याच्या जागांचे भाडे, देणग्या आणि सरकारी अनुदान यांवर ती चालते. तेव्हा परदेशी पाहुण्याकडून गार हवेचे पैसे घ्यायचे आणि त्यांतून स्थानिकाच्या सकाळच्या फेरफटक्याची बाग राखायची, असा हा सरळ व्यवहार आहे. पुलाला एका बँकेचे नाव आहे हे काहींना खटकते. मला ते एवढे खटकत नाही. नाव पुलाला आहे, बागेला नाही, आणि पुलाखालून जायला पैसे पडत नाहीत.

पाण्याकडे मात्र सहलीतले लोक बघतच नाहीत, आणि ही बाग काठावर का आहे याचे उत्तर तिथे आहे. सिंगापूरला मोठी नदी नाही. पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा मलेशियातल्या जोहोरहून येत आला. १९६२चा त्याबाबतचा करार २०६१ साली संपतो. त्यामुळे आकाशातून पडलेला थेंब अडवणे हा तिथे राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे. १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत सिंगापूर नदी साफ करण्यात आली. काठावरची डुकरे-बदके पाळणारी शेते, हातगाड्या, घाण सोडणारे कारखाने हलवले गेले. पुढे २००८ साली खाडीच्या तोंडाशी ३५० मीटर रुंदीचा ‘मरीना बराज’ हा बंधारा झाला आणि खाडीचे हळूहळू गोडे तळे बनले. देशाच्या साधारण एक षष्ठांश भूभागावरचा पाऊस या एका जलाशयात येतो. म्हणजे ऐन शहराचे रस्ते, छपरे, गटारे हेच पाणलोट क्षेत्र. ओहोटीच्या वेळी बंधाऱ्याची दारे खाली करून जादा पाणी समुद्रात सोडतात, आणि भरती असताना मुसळधार पाऊस आला तर पंप ते उपसून बाहेर टाकतात. बाग या जलाशयाच्या काठावर आहे. तिच्यातले पावसाचे पाणी थेट जलाशयात जात नाही. ते आधी ‘ड्रॅगनफ्लाय’ आणि ‘किंगफिशर’ या तळ्यांतून फिरते. तोंडाशी लावलेल्या लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींच्या पट्ट्यांत गाळ अडतो, मुळे खतातले नत्र आणि स्फुरद शोषून घेतात, वाहते पाणी आणि मासे डासांना थारा देत नाहीत. चतुरांच्या नावाचे तळे हे नुसते काव्य नाही; चतुराची पिल्ले पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्याही खातात. या खाडीत आता पाणमांजरांचे कळप दिसतात, आणि ती जात आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांतलीच.

इथे ‘निसर्ग कुठला?’ हा प्रश्न नीट विचारता येतो, आणि त्याचे उत्तर बागेला सोयीचे नाही. भराव टाकताना किनाऱ्यावरची खारफुटी आणि प्रवाळ गाडले गेले. स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे ५८० चौरस किलोमीटरचा हा देश आज ७३०च्या पुढे गेला आहे, आणि त्यासाठी लागलेली वाळू शेजाऱ्यांकडून आली. इंडोनेशियाने २००७ साली आणि कंबोडियाने २०१७ साली वाळूची निर्यात बंद केली, कारण त्यांचे किनारे आणि नद्या खरवडल्या जात होत्या. तेव्हा ही बाग निसर्गाची भरपाई आहे असे कोणी म्हणत असेल तर ते मान्य करू नये. शोभेच्या तळ्याने प्रवाळ परत येत नाहीत. पण आक्षेप घेणाऱ्यालाही एक विचारता येते. २००५ साली प्रश्न समुद्र ठेवायचा की बाग करायची असा नव्हताच. समुद्र तीस वर्षांपूर्वी गेला होता. तयार झालेल्या, वित्तकेंद्राला लागून असलेल्या, प्रचंड किमतीच्या जमिनीवर मनोरे बांधायचे की ती मोकळी ठेवून जलाशयाचा काठ करायचा, इतकाच पर्याय हातात होता. त्या मर्यादेत घेतलेला निर्णय मला योग्य वाटतो. त्यात निव्वळ उदारपणा होता असेही नाही. जमीन सरकारच्या मालकीची. बागेमुळे शेजारच्या भूखंडांचे मोल वाढते आणि ते भूखंड भाडेपट्ट्याने देताना सरकारला त्यातले काही परत मिळते. कॅसिनो असलेल्या हॉटेलच्या खिडकीतून दिसणारे दृश्य सार्वजनिक पैशातून तयार झाले, हा टोमणा खरा आहे. पण तेच दृश्य खालून पाहायला कोणाला खोलीचे भाडे भरावे लागत नाही, हेही तितकेच खरे.

सगळ्यांत जड आक्षेप श्रमाचा आहे. जिथे राखण हेच मुख्य काम, तिथे राखणारे हात कोणाचे हे विचारणे भाग आहे. सिंगापूरच्या बांधकामात आणि बागकामात परदेशातून, मुख्यतः बांगलादेश, तमिळनाडू, म्यानमार इथून आलेल्या कामगारांचा मोठा वाटा आहे. कामाच्या परवान्यावर आलेल्या या माणसांना कुटुंब बरोबर आणता येत नाही आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना तिथे कायमचे राहताही येत नाही. २०१६ सालापासून बागकामाच्या क्षेत्रात प्रशिक्षण आणि हुद्द्याप्रमाणे वाढणारी किमान वेतनाची शिडी लागू झाली, पण ती स्थानिक कामगारांपुरती. कल्पना उत्तम आहे. झाडावर चढून छाटणी करणारा, यंत्र चालवणारा आणि त्यांच्यावर देखरेख करणारा, प्रत्येकाला पुढची पायरी दिसते आणि माळीकाम हे कौशल्य म्हणून नोंदले जाते. ज्यांच्या घामावर बाग उभी आहे त्यांतले अनेक जण या शिडीबाहेर राहिले, ही उणीव मात्र झाकण्यासारखी नाही. ‘तिथे हुकूमशाही आहे म्हणून जमते’ असे आपल्याकडे म्हणतात. एकच पक्ष १९५९ पासून सत्तेत असल्याने तीस-चाळीस वर्षांच्या योजना टिकतात हे खरे. पण खोडाभोवती आळे मोकळे सोडायला, छाटणीचे वेळापत्रक पाळायला किंवा पाणवनस्पतींचा गाळ काढायला लोकशाहीची अडचण कुठे येते हे काही समजत नाही. मुंबई महापालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक पन्नास हजार कोटी रुपयांच्या वर गेले आहे. पैसा नाही हे कारणही चालणार नाही.

राखणीनेही सगळे साधत नाही, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. २०१७च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या जुन्या बोटॅनिक गार्डन्समध्ये, १८५९ साली स्थापन झालेल्या आणि दोनच वर्षांपूर्वी जागतिक वारसा ठरलेल्या बागेत, २७० वर्षांहून जुना टेंबुसू वृक्ष मुळासकट कोसळला आणि एका महिलेचा जीव गेला. वारसावृक्ष म्हणून त्याची नोंद होती, तपासणी होत होती. तपासणीत बाहेरून दिसत नाही असेही काही असते. झाडाबरोबर राहणे म्हणजे काही प्रमाणात धोका पत्करणे आहे. त्यावर लोखंडाची झाडे लावा असे कोणी सुचवेल, पण वर पाहिलेच की त्यांची उस्तवारी खऱ्या झाडांपेक्षा कमी नाही.

मुंबईशी या सगळ्याचा संबंध आता कल्पनेतला राहिलेला नाही. किनारी रस्त्यासाठी प्रियदर्शिनी पार्क ते वरळी या पट्ट्यात समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव झाला आणि त्यांतली ७० हेक्टरच्या आसपास जागा बागा आणि मोकळ्या मैदानांसाठी असेल असे सांगण्यात आले. म्हणजे बे साउथपेक्षा मोठा तुकडा, तोही बेटावरच्या उष्ण शहरात, पाण्याच्या काठावर. खारफुटी-प्रवाळाचा आक्षेप इथेही होता आणि मासेमारीचा त्याहून तीव्र होता; सिंगापूरप्रमाणेच तो भराव पडल्यानंतर मागे पडला. आता त्या जागेवर काय करायचे याची चर्चा निघाली की सुपरट्रीची चित्रे पुढे येतील, ही भीती अगदीच निराधार नाही. पण दोन शहरांत एक फरक आहे, जो चित्रात दिसत नाही. पावसाची वर्षाची बेरीज दोन्हीकडे दोन हजार मिलिमीटरच्या पुढेच आहे. सिंगापूरला तो दर महिन्याला पडतो, मुंबईला चार महिन्यांत संपतो. ऑक्टोबर ते मे इथे बाग जगवायची तर पाणी द्यावे लागेल, आणि धरणातले पिण्याचे पाणी हिरवळीवर मारणे एप्रिल-मेमध्ये कोणालाही परवडणारे नाही. शिवाय इथे समुद्राचा खारा वारा थेट अंगावर येतो. सिंगापूरच्या बागेसमोर बंधाऱ्याआडचे गोडे तळे आहे. त्यामुळे ब्रोमेलियाडच्या भिंती इथे शोभणार नाहीत. खारा वारा सोसणारी उंडी, भेंड, करंज, पुन्हा कोरडा काळ आवडणारी गोरखचिंच, अशी झाडे लावून त्यांना वाढायला वीस वर्षे द्यावी लागतील.

२००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर भरतीच्या वेळी पाणी उपसण्यासाठी मुंबईत जी उदंचन केंद्रे झाली त्यांतले एक हाजीअलीला आणि एक वरळीजवळ लव्हग्रोव्हला आहे, म्हणजे याच पट्ट्यात. वरळीलाच महापालिकेचे नवे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहत आहे. सिंगापूरच्या धर्तीवर विचार करायचा तर बागेचा आराखडा या केंद्रांपासून सुरू व्हायला हवा. शुद्ध केलेले पाणी बागेपर्यंत आणणारी नळवाहिनी, पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी समुद्रात जाण्याआधी गाळून घेणारी पाणवनस्पतींची तळी, आणि निविदेत उभारणीच्या खर्चाशेजारी निदान पंधरा वर्षांच्या माळीकामाचा खर्च, पदे आणि वेतनश्रेणीसह. आराखडा जाहीर झाल्यावर त्यातली संगणकावर काढलेली रंगीत चित्रे बाजूला ठेवून आधी ही तीन पाने शोधावीत.